काचेवर ठेवलेला फ्लेक किती घट्ट बसतो: पंप-प्रोब मोजणीच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आजच नीट लिहून ठेवतो, कारण पुढे डेटाच्या गर्दीत तो हातातून निसटण्याची शक्यता असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा स्फटिक एकावर एक रचलेल्या थरांचा असतो. प्रत्येक थरातले अणू रासायनिक बंधांनी घट्ट बांधलेले असतात, पण दोन शेजारच्या थरांमध्ये फक्त व्हॅन डर वाल्स नावाचे क्षीण आकर्षण असते, आणि म्हणूनच चिकटपट्टीने हा स्फटिक सोलता येतो. मँचेस्टर विद्यापीठात २००४ साली ग्राफीनसाठी याच युक्तीचा उपयोग झाला होता. असा सोललेला पातळ फ्लेक, म्हणजे स्फटिकाचा पापुद्रा, काचेवर ठेवला, की त्याचा सर्वांत खालचा थर काचेला किती घट्ट धरून बसतो, म्हणजे फ्लेकच्या आतल्या दोन थरांइतकी पकड तिथे असते की तो नुसता टेकलेला असतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. उपकरणे बनवणाऱ्यांचे मात्र याच गोष्टीवर अडते, कारण फ्लेकमधली बरीचशी उष्णता त्याच पृष्ठातून खाली उतरते.

मडके वाजवून घेतात त्याप्रमाणे हा फ्लेकही वाजवून पाहावा, अशी मूळ कल्पना आहे. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात हम्फ्री मॅरिस, यान टाउत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली पिकोसेकंद (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) लांबीच्या प्रकाशस्पंदांनी पातळ फिल्ममध्ये ध्वनी निर्माण करून तो प्रकाशानेच ऐकून दाखवला होता, आणि पुढे हीच पद्धत चिपच्या कारखान्यांत धातूच्या थरांची जाडी मोजण्यासाठी वापरात आली. आम्हांला मात्र जाडीत फारसा रस नाही. जाडी आम्ही एएफएमने, म्हणजे सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, वेगळी मोजणार आहोत. आम्हांला कंपनाची वारंवारता आणि ते कंपन किती लवकर विरते, या दोन गोष्टी एकत्र हव्या आहेत.

२१ जून २०२४

टेबलावरची मांडणी पूर्ण झाली. टायटॅनियम-सफायर लेसर ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, सुमारे १०० फेम्टोसेकंद लांबीचे स्पंद सेकंदाला ८ कोटी या दराने देतो. त्यातला काही प्रकाश बीबीओ स्फटिकातून नेऊन त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ४०० नॅनोमीटर केली आहे. हा आमचा पंप, म्हणजे फ्लेकला टिचकी मारणारा प्रकाश. उरलेला ८०० नॅनोमीटरचा प्रकाश हा प्रोब, म्हणजे थोड्या उशिराने येऊन ते कंपन ऐकणारा प्रकाश. निवड अशी करण्याचे कारण सरळ आहे: ४०० नॅनोमीटरचा प्रकाश मॉलिब्डेनम डायसल्फाइड वरच्या काही दशक नॅनोमीटरमध्येच शोषून घेते, त्यामुळे ताण पृष्ठभागाजवळ निर्माण होतो, उलट ८०० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात फारच कमी शोषला जातो आणि फ्लेकच्या आरपार जाऊन खालच्या काचेतले काहीही पाहू शकतो. या दुसऱ्या गुणाचा पुढे उपयोग होईल असे वाटते.

प्रोबला उशीर करण्यासाठी डिले स्टेज, म्हणजे आरसे मागे-पुढे सरकवणारा मंच, आहे. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो आणि स्टेजवरून त्याला जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापावे लागते, म्हणून एका नॅनोसेकंदाच्या मोजणीसाठी स्टेज १५ सेंटिमीटर सरकवावी लागते. एवढ्या प्रवासात प्रोबचा ठिपका नमुन्यावर जागचा हलू नये, ही या प्रयोगातली सर्वांत वेळखाऊ अट आहे. आमचा ठिपका दीड-दोन मायक्रॉनचा आहे. तो अर्धा मायक्रॉन जरी सरकला, तरी पार्श्वभूमीत एक संथ उतार येतो आणि तो उष्णतेच्या उतारासारखाच दिसत असल्यामुळे त्याची शंकाही येत नाही. स्टेजच्या दोन्ही टोकांना ठिपक्याचे छायाचित्र घेऊन ते एकावर एक बसते का हे पाहिल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, असा नियम फळ्यावर लिहून ठेवला आहे.

अपेक्षित संकेत परावर्तनातल्या एक लाखांश बदलाइतका आहे. त्यासाठी पंप सुमारे १ मेगाहर्ट्झने चालू-बंद केला जातो आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर फक्त त्याच तालातला बदल उचलतो.

५ जुलै २०२४

पावसामुळे प्रयोगशाळेतली आर्द्रता वाढली असून डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालू आहे. आमच्या दृष्टीने आर्द्रता हा केवळ लेसरच्या प्रकृतीचा प्रश्न नाही. फ्लेक काचेवर उतरवताना मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, आणि जो संपर्क मोजायचा आहे तो या थरावरच अवलंबून असतो. पुण्यातल्या जुलैत केलेला नमुना आणि डिसेंबरात केलेला नमुना एकसारखा असेलच, असे धरून चालता येणार नाही. प्रत्येक नमुन्याच्या पाकिटावर तो बनवताना खोलीतली आर्द्रता किती होती, हे यापुढे लिहावे.

नमुना पीडीएमएसच्या पारदर्शक, मऊ तुकड्यावरून फ्यूज्ड सिलिकाच्या काचेवर उतरवला आहे. काचेत आधीच १० मायक्रॉन व्यासाची भोके कोरून घेतली होती, आणि फ्लेक अशा जागी ठेवला की त्याचा काही भाग भोकावर अधांतरी राहील व बाकीचा काचेवर टेकेल. एकाच फ्लेकचे, एकाच जाडीचे दोन भाग, एकाला खाली आधार आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी ही तुलना आहे. एएफएमने जाडी ४८ नॅनोमीटर आली. एका थराची उंची ०.६१५ नॅनोमीटर धरली, तर हे ७८ थर होतात.

१२ जुलै २०२४

अधांतरी भागावर पहिला स्वच्छ संकेत मिळाला. शून्य वेळेला इलेक्ट्रॉनांच्या उत्तेजनामुळे परावर्तनात तीव्र उडी येते, त्यानंतर संथ उतार लागतो, आणि त्या उतारावर स्वार होऊन एक नियमित लहर स्टेजच्या शेवटपर्यंत चालत राहते. उतार वजा करून फिट केल्यावर वारंवारता ३२.६ गिगाहर्ट्झ आली, म्हणजे एका आवर्तनाला सुमारे ३०.७ पिकोसेकंद लागतात. कंपन विरण्याचा काळ सुमारे ६०० पिकोसेकंद आहे.

दोन्ही बाजूंनी मोकळ्या पापुद्र्याचे मूळ कंपन म्हणजे वेग भागिले दुप्पट जाडी. या हिशेबाने थरांना काटकोनात जाणाऱ्या ध्वनीचा वेग सेकंदाला ३.१३ किलोमीटर निघतो आणि घनता घनमीटरला ५,०६० किलोग्रॅम धरल्यास त्या दिशेचा लवचीकता गुणांक ५० गिगापास्कलच्या किंचित खाली येतो. न्यूट्रॉन प्रकीर्णनातून मिळालेले जुने मूल्य ५२ गिगापास्कलच्या आसपास आहे, तेव्हा एएफएमच्या जाडीतली अनिश्चितता लक्षात घेता तक्रारीला जागा नाही. थरांना समांतर दिशेत मात्र हाच ध्वनी जवळजवळ ७ किलोमीटरच्या वेगाने धावतो. दोन दिशांतला हा फरक म्हणजे रासायनिक बंध आणि व्हॅन डर वाल्स आकर्षण यांच्यातला फरक आहे.

अधांतरी भागाला उष्णता बाहेर टाकायला वाव कमी असतो. अर्धा मिलिवॅट पंप शोषला गेला, तर मध्यभागाचे सरासरी तापमान तीसेक अंशांनी वाढावे असा माझा अंदाज आहे, आणि तापलेला स्फटिक किंचित मऊ होतो. म्हणून पंपाची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करत वारंवारता मोजली आणि शून्य शक्तीपर्यंत रेषा मागे नेली. वर दिलेला आकडा तोच आहे.

१९ जुलै २०२४

त्याच फ्लेकचा काचेवर टेकलेला भाग मोजला. वारंवारता ३५.८ गिगाहर्ट्झ, आणि विरण्याचा काळ फक्त १४५ पिकोसेकंदांच्या आसपास.

आज जेवणाच्या सुटीत सरांनी हा आलेख पाहिला आणि त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, "हा वाजतोच कसा?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात किती शिरतो हे दोघांच्या ध्वनिक इम्पीडन्सवर, म्हणजे घनता आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा हा आकडा सुमारे १.६ कोटी आणि फ्यूज्ड सिलिकाचा सुमारे १.३ कोटी एकक आहे. दोन्ही इतके जवळ आहेत, की संपर्क पूर्ण असता तर आयामाचा (लहरीच्या उंचीचा) जेमतेम दहावा हिस्सा परत आला असता, बाकीचा काचेत निघून गेला असता आणि फ्लेक एका आवर्तनातच गप्प झाला असता. इथे तर अनेक आवर्तने स्पष्ट मोजता येतात. म्हणजे फ्लेक काचेवर ठेवलेला आहे, पण काचेला जोडलेला नाही.

बऱ्याच ठिकाणी अशा लांब चालणाऱ्या लहरीकडे नमुना उत्तम असल्याची खूण म्हणून पाहिले जाते. स्फटिकाच्या बाबतीत ते खरेही आहे, पण संपर्काच्या बाबतीत अर्थ नेमका उलटा होतो.

३० जुलै २०२४

संपर्काला आकडा देण्यासाठी फ्लेक आणि काच यांच्यामध्ये एक वजनरहित स्प्रिंग कल्पिली. दर चौरस मीटरला तिचा ताठरपणा किती, एवढे एकच चल या प्रतिकृतीत अज्ञात आहे. स्प्रिंग अतिशय ताठ असली तर संपर्क पूर्ण, आणि ताठरपणा शून्य असला तर फ्लेक अधांतरी.

या प्रतिकृतीचा खरा फायदा असा, की एकच अज्ञात दोन वेगवेगळ्या मोजमापांतून निघते. स्प्रिंग जोडली की फ्लेकचे कंपन थोडे ताठर होते, म्हणून वारंवारता वाढते. आणि त्याच स्प्रिंगमधून काही ऊर्जा काचेत झिरपते, म्हणून कंपन लवकर विरते. अधांतरी भागाच्या तुलनेत वारंवारता जवळजवळ १० टक्क्यांनी वाढली आहे; त्यासाठी ताठरपणा दर चौरस मीटरला १०चा अठरावा घात न्यूटन प्रति मीटर इतका लागतो. विरण्याकडे पाहायचे, तर अधांतरी भागात स्फटिकाची स्वतःची जी झीज दिसली ती १४५ पिकोसेकंदांमधून बाजूला काढली पाहिजे. काढल्यावर केवळ संपर्कामुळे होणाऱ्या झिजेचा काळ १९० पिकोसेकंद उरतो, आणि त्यावरूनही ताठरपणा तेवढाच येतो. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्यामुळे प्रतिकृतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हा आकडा मोठा की लहान, हे फ्लेकच्या आतल्या थरांशी तुलना केली की कळते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन शेजारच्या थरांमधली स्प्रिंग याच एककांत सुमारे ८.७ गुणिले १०चा एकोणिसावा घात इतकी ताठ असते. म्हणजे काचेशी असलेली पकड आतल्या पकडीच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. मध्ये पाणी, हवा, पीडीएमएसचे अवशेष आणि काचेचा स्वतःचा खडबडीतपणा आहे; त्यातले किती कोणाच्या वाट्याचे, हे या मोजणीतून वेगळे काढता येणार नाही.

आणखी एक गोष्ट प्रतिकृतीने समजावली. टेकलेल्या भागाच्या पार्श्वभूमीत पहिल्या शंभर पिकोसेकंदांत एक रुंद खोलगा दिसतो, जो अधांतरी भागात नाही. संपूर्ण फ्लेक एक घट्ट वस्तू म्हणून स्प्रिंगवर वर-खाली होण्याचे कंपन साधारण १० गिगाहर्ट्झला असायला हवे, पण काच त्याची ऊर्जा इतक्या झपाट्याने खाते की त्याचे एकही आवर्तन नीट पूर्ण होत नाही. तो खोलगा म्हणजे हे अर्धवट कंपन असावे. फिटमध्ये त्याला उष्णतेचा उतार समजून वजा केले, तर मूळ कंपनाच्या पहिल्या दोन आवर्तनांचा आयाम बिघडतो, म्हणून आता तो वेगळा धरला आहे.

१२ ऑगस्ट २०२४

वेगवेगळ्या जाडीच्या अधांतरी फ्लेकवर वारंवारता मोजून झाली. २५ नॅनोमीटरला ती ६२ गिगाहर्ट्झच्या पुढे जाते आणि ११० नॅनोमीटरला १४ गिगाहर्ट्झवर येते. जाडीच्या व्यस्तांकाशी आलेख सरळ रेषेत आहे. हाच सरळ हिशेब अगदी दोन थरांपर्यंत ताणला तर १.२७ टेराहर्ट्झ येतो, आणि रामन वर्णपटात (विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात) दोन थरांचे श्वसनकंपन, म्हणजे थर एकमेकांपासून दूर-जवळ होण्याचे कंपन, सुमारे १.२ टेराहर्ट्झला दिसते. सलग माध्यमाचे गणित दोनच थर उरले असतानाही एवढे जवळ जाते, याचे दर वेळी नवल वाटते. थोडा फरक पडतो तो थर सुटे असल्यामुळे, आणि वस्तुमाने व स्प्रिंगांची साखळी धरून तो काढता येतो.

गणेशोत्सव जवळ आल्यामुळे संध्याकाळी मागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव असतो. ढोलाची वारंवारता आणि आमच्या फ्लेकची वारंवारता यांत कोट्यवधी पटींचे अंतर असल्याने लॉक-इनला त्याचे काही सोयरसुतक नाही. पण आरसे धरणारे खांब हलतात आणि प्रोबचा ठिपका थरथरतो. लांब मोजण्या सकाळीच उरकाव्यात.

२३ ऑगस्ट २०२४

आधीचाच ४८ नॅनोमीटरचा नमुना निर्वात भट्टीत २०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून पुन्हा मोजला. अधांतरी भाग जसाच्या तसा आहे: वारंवारता तीच, विरण्याचा काळही जवळपास तोच. म्हणजे भट्टीत स्फटिकाला काही झाले नाही.

टेकलेल्या भागातली ३५.८ गिगाहर्ट्झची लहर मात्र नाहीशी झाली. शून्य वेळेनंतर एक उसळी, तिच्यामागे एक अस्पष्ट खोलगा, आणि मग सपाट. माझ्याबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थिनीला आधी वाटले की पंपाचा फोकस गेला. तिने तो तपासला, ठिपका भोकावर नेला, तिथे लहर व्यवस्थित वाजत होती. "सर, फोकस ठीक आहे, हाच भाग गप्प आहे," असे ती म्हणाली, तेव्हा आम्ही उतार वजा करून उरलेला भाग दसपट मोठा करून पाहिला. सपाट वाटणाऱ्या त्या भागात २१.६ गिगाहर्ट्झची एक क्षीण लहर होती आणि ती हळूहळू कमी होत नॅनोसेकंदाच्या टोकापर्यंत जात होती.

ही लहर फ्लेकची नव्हे, काचेची आहे. काचेत शिरलेला ध्वनिस्पंद खाली जात असताना त्याच्यावरून परावर्तित होणारा प्रोब आणि काचेच्या वरच्या पृष्ठावरून परावर्तित होणारा प्रोब यांचे व्यतिकरण होते. त्याची वारंवारता अपवर्तनांक गुणिले वेग यांची दुप्पट भागिले तरंगलांबी. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक १.४५३, वेग सेकंदाला ५.९६ किलोमीटर आणि तरंगलांबी ८०० नॅनोमीटर: उत्तर २१.६. आकडा जुळतो की नाही हे पाहण्यासाठी लेसर ७८० नॅनोमीटरवर नेला, तर लहर २२.२ गिगाहर्ट्झवर सरकली. भोकावरच्या लहरीला तरंगलांबी बदलल्याचा पत्ताही लागला नाही, आणि तेच अपेक्षित होते, कारण फ्लेकची वारंवारता त्याच्या जाडीवर ठरते, काचेतली मात्र प्रोबवर.

फ्लेक गप्प का झाला, याचे उत्तर या लहरीत आहे: ध्वनी नष्ट झाला नाही, तो खाली काचेत गेला. केवळ शांतता पाहिली असती तर ती वाईट नमुन्यामुळेही असू शकली असती.

२७ ऑगस्ट २०२४

भट्टीनंतरच्या ताठरपणाला आकडा देता येत नाही, फक्त खालची मर्यादा देता येते. ४८ नॅनोमीटरच्या फ्लेकसाठी ताठरपणा १०च्या एकोणिसाव्या घातापर्यंत गेला, की परत येणारा हिस्सा पाचव्या भागापेक्षाही कमी होतो. त्यापुढे तो कितीही वाढला तरी आलेखात फरक दिसत नाही. म्हणून अहवालात "किमान दसपट सुधारणा" एवढेच लिहिले आहे. "आतल्या थरांइतकी पकड" असे लिहिण्याचा मोह होतो, पण या डेटातून ते सिद्ध होत नाही.

मर्यादा वर न्यायची तर फ्लेक पातळ हवा, कारण वारंवारता जितकी जास्त तितकी तीच स्प्रिंग ध्वनीला मऊ भासते. १२ नॅनोमीटरच्या फ्लेकचे कंपन १३० गिगाहर्ट्झला येईल आणि तिथे १०च्या एकोणिसाव्या घाताचा ताठरपणा बऱ्यापैकी अचूक वाचता येईल. दुसरा पर्याय काचेऐवजी नीलमण्याच्या सबस्ट्रेटचा, म्हणजे आधारपट्टीचा, आहे: त्याचा इम्पीडन्स सुमारे ४.४ कोटी असल्याने पूर्ण संपर्क असला तरी आयामाचा जवळजवळ निम्मा हिस्सा परत येतो, आणि संपर्क सुधारला की मूळ वारंवारता अर्ध्यावर, म्हणजे आमच्या फ्लेकसाठी १६ गिगाहर्ट्झकडे जाते. पण नीलमण्यात भोके कोरणे अवघड आहे, आणि अधांतरी भागाशिवाय झीज वेगळी काढता येत नाही. आधी पातळ फ्लेक करावेत, असे ठरले.

५ सप्टेंबर २०२४

भट्टीतून काढलेल्या नमुन्यावर एक-एक मायक्रॉन सरकत संपूर्ण टेकलेल्या भागाचा नकाशा घेतला. बहुतेक भाग गप्प आहे आणि तिथे सगळीकडे काचेची लहर मिळते. मध्ये मात्र काही बेटे आहेत, जिथे फ्लेक खणखणीत वाजतो, आणि वारंवारता ३५.८ नव्हे तर ३२.६ गिगाहर्ट्झ, अगदी अधांतरी भागाचीच. एएफएमने त्याच जागी फुगे दाखवले. तापवल्यावर अडकलेले पाणी आणि अवशेष पसरलेले राहत नाहीत, ते एकत्र येऊन फुगे बनतात आणि बाकीची जागा मोकळी करतात; म्हणजे भट्टीपूर्वी सगळीकडे थोडा-थोडा असलेला वाईट संपर्क आता थोड्याच जागी, पण पूर्णपणे वाईट झाला आहे. पूर्वीचे १०चा अठरावा घात हे मूल्य त्यामुळे ठिपक्याखालची सरासरीच मानावी लागेल.

सर्वांत लहान बेट आमच्या ठिपक्याहून मोठे नाही. तिथे दोन्ही लहरी एकाच आलेखात येतात, ३२.६ आणि २१.६, आणि त्यांच्या आयामांच्या गुणोत्तरावरून ठिपक्याखालच्या फुग्याचे क्षेत्रफळ काढता येईल असे वाटते. त्यासाठी पंप आणि प्रोब यांच्या ठिपक्यांचे आकार सध्यापेक्षा नीट मोजावे लागतील. १२ नॅनोमीटरचे फ्लेक बनवायला घेतले आहेत. आज खोलीतली आर्द्रता ६२ टक्के.